मशीन सगळ्यात शेवटी

घरी एस्प्रेसो मशीन घ्यायचं ठरलं की आपण पहिल्यांदा मशीनच बघायला लागतो. मीही तेच केलं होतं. आता मात्र कुणी विचारलं तर मी यादी उलटी सांगते: आधी प्लग, मग पाणी, मग ओटा, मग ग्राइंडर, मग बिया आणि दूध, आणि मशीन सगळ्यात शेवटी. मशीन बदलता येतं, विकता येतं. घरातलं वायरिंग आणि नळाला येणारं पाणी आहे तेच राहतं, आणि मशीन किती वर्षं टिकणार हे तीच दोन ठरवतात.

म्हणून सुरुवात वायरमनला बोलावण्यापासून करा. घरगुती एस्प्रेसो मशीन साधारण १२०० ते १६०० वॅटचं असतं. ओट्यावरचे नेहमीचे लहान पॉइंट ६ अँपियरचे, म्हणजे २३० व्होल्टच्या हिशेबाने फार तर १३८० वॅटपर्यंतचे. मशीनसाठी गिझरला असतो तसा १६ अँपियरचा जाड पिनेचा पॉइंट लागतो. तो जवळ नसेल तर काढून घ्या, एक्स्टेंशन बोर्डावर भागवू नका. अर्थिंग ठीक आहे असं नुसतं ऐकून घेऊ नका, वायरमनला मीटर लावून दाखवायला सांगा. पाणी, पत्रा आणि वीज एकाच डब्यात असलेल्या वस्तूला तुमचे ओले हात रोज लागणार आहेत.

इथेच एक सांगून टाकते. अमेरिकेतले भाऊ-वहिनी येताना मशीन आणतो म्हणाले, तर त्यांना प्रेमाने नाही म्हणा. तिथली मशीन १२० व्होल्टवर चालतात. नुसती पिन बदलून ते आपल्या २३० व्होल्टला लावलं तर हीटरवर साडेतीन पटींहून जास्त भार येतो आणि ते काही क्षणांत जळतं. आमच्या शेजाऱ्यांकडे हे झालं. खोकं उघडल्याला दहा मिनिटंही झाली नव्हती. ट्रान्सफॉर्मर लावता येतो, पण १४०० वॅटच्या मशीनला २००० वॅटच्या आसपासचा घ्यावा लागतो, आणि ते धूड ओट्यावर मावत नाही. शिवाय तिथली वीज ६० हर्ट्झची, आपली ५० ची, आणि घरगुती मशीनमधला थरथरणारा पंप त्या ठोक्यावरच चालतो. त्यांच्याकडून चांगला वजनकाटा मागवा, टँपर, म्हणजे कॉफीची पूड दाबायचा ठोकळा, मागवा. मशीन इथलंच घ्या.

आता पाणी. यादीतली सर्वांत मोलाची नोंद ही आहे आणि बहुतेक जण नेमकी हीच सोडतात. शाळेत सुफेन आणि दुष्फेन पाणी शिकलो होतो, ते इथे उपयोगी पडतं. मुंबईला तानसा-वैतरणा-भातसाचं पाणी येतं, पुण्याच्या जुन्या भागात खडकवासल्याचं, आणि ते बरंच मऊ असतं. पण शहराच्या कडेच्या सोसायट्यांमध्ये बोअर आणि टँकर आले की चित्र बदलतं, आणि उन्हाळ्यात तर फारच. माझं पहिलं मशीन असंच गेलं. मार्चपर्यंत छान चाललं. एप्रिलमध्ये टँकर सुरू झाले आणि मी टाकीत नळाचंच पाणी भरत राहिले. जूनच्या सुमारास पंपाचा आवाज चिरका झाला, कॉफीची धार दोऱ्यासारखी बारीक झाली आणि मग पाणी येणंच थांबलं. दुरुस्तीवाल्याने बॉयलर उघडून माझ्यासमोर धरला. आतल्या कॉइलवर गिझरच्या कॉइलवर असतो तसा पांढरा थर होता, नखाने खरवडला तर खडूसारखा भुगा पडत होता, आणि पुढची बारीक नळी त्याच भुग्याने ठार बुजली होती. दोष मशीनचा नव्हता, पाणी मी घातलं होतं.

तर काही शे रुपयांत मिळणारा टीडीएस मीटर घ्या आणि वर्षातून दोनदा पाणी मोजा, एकदा दिवाळीनंतर आणि एकदा एप्रिलमध्ये. कॉफीसाठी १५० च्या आसपासचा आकडा चांगला, ७५ ते २५० मधलं काहीही चालतं. टीडीएस म्हणजे सगळेच क्षार, त्यातले थर धरणारे किती हे तो मीटर सांगत नाही. तरी घरच्या घरी अंदाज यायला तो पुरतो. आरओचं पाणी थेट घालावं असं वाटेल, पण अनेक घरांत त्याचा आकडा ३०-४० च्या खाली असतो. अशा पाण्यात कॉफी पोकळ लागते. शिवाय ज्या मशीनचा बॉयलर पाण्याची पातळी विजेच्या सळईने ओळखतो, त्याला इतक्या कमी क्षारांचं पाणी असल्याचं कळतच नाही आणि तो भरत राहतो. उपाय सोपा आहे. बऱ्याच आरओ यंत्रांत टीडीएस कमी-जास्त करायचा स्क्रू असतो. सर्व्हिसवाला आला की तो १०० ते १५० वर लावून मागा. स्क्रू नसेल तर मिसळा: आरओचं ४० चं पाणी चार भाग आणि ६०० चं गाळून शुद्ध केलेलं पाणी एक भाग घेतलं की आकडा १५० च्या आसपास येतो.

ओट्याचं थोडक्यात. वरच्या कपाटाखालची उंची मोजा, आणि पाण्याची टाकी मागून वर उचलून काढायची असते ती धरून मोजा. वाफ थेट कपाटाच्या तळाला लागेल अशी जागा नको. लॅमिनेटखालचा प्लायवूड फुगतो. कॉफीची गाळणी ज्याच्या टोकाला बसते तो दांडा मशीनला लावताना उजवीकडे झटका द्यावा लागतो आणि हलकं मशीन त्यासरशी जागचं फिरतं, म्हणून डाव्या हाताने ते धरायला बाजूला वीतभर मोकळी जागा ठेवा.

ग्राइंडरला मशीनच्या आधी पैसे काढून ठेवा. मी तर म्हणेन, एकूण बजेटचा निदान तिसरा हिस्सा. मिक्सरच्या भांड्यात कॉफी कापली जाते, दळली जात नाही. त्यात पीठही असतं आणि कण्याही असतात. पाणी कण्यांमधून धावतं आणि पिठापाशी अडतं, त्यामुळे एकाच घोटात आंबट आणि कडू दोन्ही लागतं. एस्प्रेसोला जात्यासारखी दोन पाती असलेला आणि अगदी बारीक टप्प्यांनी फिरवता येणारा ग्राइंडर हवा. हाताने फिरवायचा चांगला ग्राइंडर या कामात स्वस्त विजेच्या ग्राइंडरपेक्षा सरस ठरतो. १८ ग्रॅम दळायला एक-दीड मिनिट जातं, तेवढाच सकाळचा व्यायाम. त्याच खरेदीत ०.१ ग्रॅम दाखवणारा वजनकाटाही घ्या. तो नसेल तर पुढचं सगळं अंदाजपंचे.

बिया मशीन येण्याच्या आठवडाभर आधी मागवा. पाकिटावर भाजल्याची तारीख नसेल तर घेऊ नका. भाजल्यानंतर पहिले सात-आठ दिवस बियांतून बराच वायू सुटत असतो आणि धार सैरावैरा येते. त्यानंतरचे तीन-चार आठवडे सगळ्यांत चांगले. चिकमगळूर, कोडगू, अराकू यांपैकी काहीही घ्या, पण दूध घालून पिणार असाल तर मध्यम ते थोडी गडद भाजलेली घ्या. मॉन्सून्ड मलबार एकदा जरूर आणा: मंगळूरच्या बाजूला पावसाळी वाऱ्यात उघड्या गोदामांत ठेवून फुगवलेल्या या बियांचा आंबटपणा जवळजवळ जातो, आणि ज्यांना आंबट कॉफी सोसत नाही त्यांना ती पहिल्या घोटात आवडते. आपल्या चिखलदऱ्यालाही कॉफीची लागवड आहे, तिकडे गेलात तर बिया विचारून बघा. घरात फिल्टर कॉफीची चिकोरी घातलेली पूड असेल तर ती फिल्टरलाच राहू द्या. चिकोरी गाळणीत चिकट होऊन बसते. पावसाळ्यात बिया घट्ट झाकणाच्या डब्यात ठेवा, आणि कोकणात, गोव्यात किंवा मुंबईत राहत असाल तर एका वेळी २५० ग्रॅमपेक्षा जास्त आणू नका.

दुधाची तयारी आपल्या घरांत वेगळी करावी लागते, कारण आपल्याकडे दूध तापवल्याशिवाय फ्रिजमध्ये जात नाही. तापवलेल्या दुधातली साय वाफेच्या नळीला चिकटते आणि फेसात गुठळ्या होतात. पिशवीतलं दूध पाश्चराइज्ड असतं. कॉफीपुरतं न तापवता, थेट थंड वापरा. तापवलेलंच वापरायचं असेल तर बारीक गाळणीतून गाळून पुन्हा थंड करा. फेस टिकतो तो दुधातल्या प्रथिनांमुळे. स्निग्धांश चवीला आणि दाटपणाला. ३ टक्के स्निग्धांशाचं टोन्ड दूध पटकन फेसाळतं, ६ टक्क्यांचं फुल क्रीम जड पण फार रुचकर लागतं. शिकेपर्यंत टोन्ड किंवा गाईचं घ्या.

आणि आता मशीन. खोक्यावर १५ बार, २० बार असं मोठ्या अक्षरांत लिहिलेलं असतं, त्याकडे बघू नका. तो पंपाचा जास्तीत जास्त जोर झाला. कॉफीला लागतात ते ९ बार. आपला कुकर शिट्टीला येतो तेव्हा आत हवेच्या दाबापेक्षा जेमतेम एक बार जास्त असतो, त्यावरून ९ म्हणजे किती ते समजा. १९०१ मध्ये मिलानच्या लुइजी बेझेराने पेटंट घेतलेलं यंत्र वाफेच्याच दाबावर चालायचं. वर तपकिरी साय, म्हणजे क्रेमा, यायला लागली ती दुसऱ्या महायुद्धानंतर आकिले गॅजियाने स्प्रिंगच्या लिव्हरने दाब वाढवला तेव्हा.

बघायचं ते वेगळंच. सोबत साधी, एका पदराची गाळणी मिळते का? दोन पदरी गाळणीत एकाच बारीक छिद्रातून कॉफी दाबून काढतात, त्यामुळे शिळ्या पुडीलाही फेस येतो आणि तुमचं दळण चुकलं की बरोबर आलं हे कधीच कळत नाही. गाळणीचा व्यास किती? डेलाँगी डेडिकाचा ५१ मिलिमीटर, ब्रेव्हिल बाम्बिनोचा ५४, गॅजिया क्लासिक आणि रँचिलिओ सिल्व्हियाचा ५८. ५८ हे कॅफेतल्या बहुतेक मशीनचंही माप आहे, त्यामुळे त्याचे टँपर आणि गाळण्या सहज मिळतात. मग घरात किती कप लागतात ते मोजा. एकच बॉयलर असेल तर कॉफीला ९३ अंशांच्या आसपास आणि वाफेला १२५-१३० पर्यंत तोच वर-खाली करावा लागतो. दोघांना तो पुरतो, सहा पाहुणे आले की शेवटच्या माणसाला वीस-पंचवीस मिनिटं थांबावं लागतं. मी अजूनही एका बॉयलरवर आहे आणि पाहुण्यांना खुशाल चहा करते. दुकानदाराला शेवटी एकच विचारा: दांड्याच्या वरची रबर रिंग आणि जाळी कुठे मिळते? उत्तर देता आलं नाही तर दुसरं मशीन बघा.

पहिल्या आठवड्यासाठी एक अख्खं पाकीट बाजूला काढा. १८ ग्रॅमप्रमाणे २५० ग्रॅमचे जेमतेम १३ कप होतात आणि त्यातले निम्मे मोरीत जाणार, हे धरूनच चाला. बॉयलरचं मशीन दांडा लावूनच पंधरा-वीस मिनिटं तापू द्या. १८ ग्रॅम दळा, सुईने पूड मोकळी करा, टँपर सपाट दाबा. जोर किती लावला यापेक्षा थर तिरका झाला नाही ना, हे महत्त्वाचं. ३६ ग्रॅम कॉफी २५ ते ३० सेकंदांत आली पाहिजे. बारा सेकंदांत भसकन आली तर दळण बारीक करा, पाऊण मिनिट ठिबकत राहिली तर जाडसर. वजन आणि दळण एकाच वेळी बदलू नका, नाहीतर काय कशामुळे झालं ते हाती लागत नाही. जमलं की डोळ्यांना कळतं: आधी काळसर थेंब, मग काकवीसारखी दाट, किंचित वळत येणारी धार, आणि मग तिचा रंग हळूहळू फिका होत जातो. हे एकदा जमलं तरी जून लागला की त्याच आकड्यावर धार बदलते, तेव्हा ग्राइंडर पुन्हा लावून घ्यावा लागतो.

वाफेची नळी दुधात घालण्याआधी उघडून आतलं साचलेलं पाणी काढून टाका. टोक पृष्ठभागाला जेमतेम लागून असलं की नवं कापड फाडताना होतो तसा आवाज येतो. तो चार-पाच सेकंदच, मग टोक आत बुडवून दूध गोल फिरू द्या. भांड्याला तळहात लावून ठेवा. चटका सोसेना झाला की थांबा, तेव्हा दूध ६० अंशांच्या आसपास असतं. लगेच ओल्या फडक्याने नळी पुसा आणि पुन्हा एकदा वाफ सोडा. नळी निवताना दूध आत ओढलं जातं आणि तिथेच कुजतं.

देखभालीच्या दोन पुड्या वेगळ्या असतात आणि त्यांची अदलाबदल चालत नाही. एक कॉफीचं तेल काढते, दुसरी क्षार. ज्या मशीनला दाब सोडणारा तीन तोंडी व्हॉल्व्ह आहे, त्यात बिनछिद्राची गाळणी लावून महिन्यातून एकदा अर्धा चमचा साफसफाईची पूड घालून उलट धुवायचं. तो व्हॉल्व्ह नसेल तर हे अजिबात करू नका, जाळी काढून घासा. क्षारांसाठी लिटरभर पाण्यात २० ग्रॅमच्या आसपास लिंबूसत्त्व पुरतं, पण बॉयलर ॲल्युमिनियमचा असेल तर आधी माहितीपुस्तिका वाचा, आम्ल ते खातं. रोजचं काम दोन मिनिटांचं: चोथा लगेच ठोकून काढा, नुसतं पाणी सोडा, ट्रे रिकामा करा. ट्रे ओला राहिला आणि मशीन कोमट असलं की झुरळं आत शिरतात, आणि ती शिरली की मशीन उघडल्याशिवाय निघत नाहीत.

वरची रबर रिंग कुकरच्या रिंगसारखीच कडक होते. दांडा पूर्वीपेक्षा बराच उजवीकडे जाऊ लागला किंवा कडेने पाणी गळू लागलं की ती बदला. एक जास्तीची रिंग पहिल्या दिवसापासून ड्रॉवरमध्ये असू द्या. आणि गणपतीला दहा दिवस गावी जाताना टाकी रिकामी करून उलटी ठेवा, प्लग काढा, दांडा मशीनला आवळून न ठेवता धुऊन शेजारी काढून ठेवा. परत आल्यावर पहिली अर्धी टाकी नुसतीच वाहू द्या.