परदेशातल्या ग्रामीण धर्मग्रामाशी भागीदारी कशी करावी

धर्मग्राम म्हणजे पॅरिश, एका फादरांकडे (धर्मगुरूंकडे) सोपवलेला चर्चच्या भाविकांचा समुदाय. परदेशातल्या अशा धर्मग्रामाशी नातं जोडताना सुरुवात पैशाने करू नका. पहिलं वर्ष ओळखीसाठी ठेवा. आधी रक्कम गेली की समोरच्या फादरांना 'नको' म्हणणं अवघड होतं, आणि गरज नसलेली वस्तूही आभार मानून कोठीत ठेवली जाते.

पहिलं पत्र दोन्ही धर्मप्रांतांच्या (बिशपांच्या अखत्यारीतल्या प्रदेशांच्या) कार्यालयांमार्फत जाऊ द्या. यात दोन-तीन महिने जातात, पण ते वाचवू नका. फादरांची आज ना उद्या बदली होते, आणि सगळा व्यवहार त्यांच्याच फोनवर चालत असेल तर त्यांच्याबरोबर भागीदारीही गाव सोडते. म्हणून दोन्हीकडून प्रत्येकी तीन माणसं नेमा: धर्मगुरू, धर्मग्राम परिषदेचा एक प्रापंचिक (धर्मगुरू नसलेला) सदस्य आणि हिशेब सांभाळणारी व्यक्ती. प्रत्येक पत्राची प्रत तिघांनाही गेली पाहिजे.

ग्रामीण धर्मग्राम म्हणजे एकच चर्च नव्हे. आफ्रिकेत किंवा हैतीत एका मुख्य केंद्राभोवती अनेक उपकेंद्रं असतात. रोजचं काम कॅटेकिस्ट (धर्मशिक्षण देणारे प्रापंचिक सेवक) पाहतात आणि फादर महिन्यातून एखाद्या वेळी, कधी त्याहूनही कमी, तिथे मिस्सेला (फादरांनी चालवायच्या मुख्य उपासनेला) पोहोचतात. सुरुवातीलाच उपकेंद्रांची यादी मागवा: नाव, कुटुंबांची संख्या, मुख्य केंद्रापासूनचं अंतर, पावसाळ्यात रस्ता चालू राहतो का, पाणी कुठून येतं. ही यादी हाताशी नसली की सगळी मदत मुख्य केंद्रातच साचते, म्हणजे जिथे रस्ता आणि वीज आधीच आहे तिथे.

मग करार. दोन पानं पुरतात, पण दोन्ही भाषांत हवा. मुदत तीन वर्षं. नूतनीकरण आपोआप नको. दोन्ही परिषदांनी बसून ठरवावं. थांबायचं असेल तर वर्षभर आधी कळवायचं, ही अट घालाच, कारण तुमच्या रकमेवर तिकडे एखाद्या शिक्षिकेचा पगार अवलंबून असू शकतो. आणि 'ते आम्हाला काय देणार' हा रकाना रिकामा सोडू नका. १९६३ साली टोरांटोला झालेल्या अँग्लिकन काँग्रेसने (इंग्लंडच्या चर्चच्या परंपरेतल्या जगभरच्या चर्चच्या मेळाव्याने) परस्पर जबाबदारी आणि परस्परावलंबनाची भूमिका मांडली, ती नेमकी याच एकतर्फीपणाविरुद्ध. रोजचा फादर नसताना उपासना कशी चालवायची, हे त्यांच्या कॅटेकिस्टांकडून शिकण्यासारखं आहे.

पैसे कधीही व्यक्तीच्या खात्यात पाठवू नका, मग ती व्यक्ती कितीही सज्जन असो. रक्कम धर्मप्रांताच्या किंवा धर्मग्रामाच्या खात्यात जावी आणि हेतू लेखी असावा. कॅथलिक चर्चच्या धर्मकायद्यात कलम १२६७ सांगतं की विशिष्ट हेतूने दिलेलं दान त्याच हेतूसाठी वापरावं. त्यामुळे 'छपरासाठी' असं लिहिलंत तर छपराचेच पत्रे येतील, त्या महिन्यात दुष्काळ पडला तरी. तेव्हा दरवर्षी थोडी रक्कम 'परिषद ठरवेल त्यासाठी' मोकळी ठेवा. मिस्साहेतूंची दानं (एखाद्यासाठी मिस्सा अर्पण करावी म्हणून दिलेली रक्कम) वेगळ्या यादीने पाठवा. ती प्रकल्पाच्या पैशात मिसळू नयेत.

बँकेचं एक दुखणं आधीच समजून घ्या. पैसे पाठवताना सगळं शुल्क पाठवणाऱ्याने भरायचा पर्याय निवडला नाही, तर मधल्या बँका आपापला वाटा कापतात आणि तिकडे रक्कम कमी पोहोचते. मग उगाच संशय. पाठवलेली रक्कम, पोहोचलेली रक्कम, त्या दिवसाचा विनिमय दर आणि पोहोचल्याची तारीख हे चार आकडे दोन्ही वह्यांत लिहा. शुल्क दर वेळी लागत असल्याने महिन्याला थोडं-थोडं पाठवण्यापेक्षा तिमाहीला एकदम पाठवणं परवडतं. काही देशांत परदेशी देणगीला सरकारी नोंदणी किंवा परवानगी लागते, तीही आधी तपासा. हिशेब मागणं म्हणजे अविश्वास नव्हे. बायबलच्या नव्या करारात, यरुशलेमच्या ख्रिस्ती लोकांसाठीची वर्गणी नेताना कुणी बोट दाखवू नये म्हणून प्रेषित पौलानेही मंडळ्यांनी (तेव्हाच्या ख्रिस्ती समुदायांनी) निवडलेला माणूस सोबत घेतला होता.

प्रकल्प ठरवताना 'बसवायला किती' याच्याइतकाच 'चालवायला किती' हा प्रश्न विचारा. हातपंपाचं उदाहरण घ्या. अफ्रिदेव या जातीच्या हातपंपाच्या दट्ट्यावर रबरी यू-सील (पाणी निसटू न देणारी कडी) असतं. ते झिजलं की दांडा हलवत राहिलं तरी पाणी वर येत नाही. हा पंप गावातच दुरुस्त करता यावा म्हणून बनवलेला आहे: दट्ट्या वर ओढायला एक पाना पुरतो, पाइप उपसावे लागत नाहीत. तरीही पंप बंद पडलेले दिसतात, कारण सुटे भाग जवळच्या बाजारात मिळत नाहीत किंवा त्यांच्यासाठी वर्गणी जमा होत नाही. म्हणून पंपाच्या अंदाजपत्रकातच दोन-तीन वर्षांचे सुटे भाग, पाना, दोन बायका-पुरुषांचं प्रशिक्षण आणि पाणी समितीची मासिक वर्गणी धरा. पंप तिथे सर्रास मिळणाऱ्या जातीचाच घ्या. तुमच्याकडचा चांगला म्हणून नको.

वस्तू शक्यतो पाठवूच नका. जुन्या कपड्यांवर जकात, बंदरातलं भाडं आणि गावापर्यंतचा ट्रक धरला तर तेच कपडे तिथल्या बाजारात स्वस्त पडतात. औषधांबाबत जागतिक आरोग्य संघटनेच्या मार्गदर्शक सूचना १९९६ पासून आहेत: पोहोचताना मुदत संपायला निदान एक वर्ष बाकी हवं आणि घेणाऱ्याने ती मागितलेली हवीत. कपाटातल्या उरलेल्या गोळ्या हे दान नव्हे, तिकडच्या नर्सला लावलेलं काम आहे.

भेटीला चार ते सहा जण पुरेत. पेरणी, कापणी आणि मोठा पाऊस टाळा. पाहुणे आले की गावात बकरा कापला जातो, म्हणून जेवण, डिझेल आणि मुक्कामाचा खर्च आधीच, प्रकल्पनिधीला हात न लावता, पाठवा. गावात कुणालाही परस्पर काही कबूल करू नका. परतल्यावर फीसाठी, आजारपणासाठी वैयक्तिक निरोप येऊ लागतील. 'मागणी परिषदेकडे द्या' हे एकच उत्तर सगळ्यांनी द्यावं, आणि ते निघण्यापूर्वीच ठरलेलं असावं. फी द्यायची तर शाळेला द्या, आणि मुलाचं शिक्षण पुरं होईपर्यंत झेपणार असेल तरच सुरू करा. मुलांचे फोटो पालकांना विचारल्याशिवाय छापू नका.

तिसऱ्या वर्षी त्यांच्या तीन प्रतिनिधींना तुमच्याकडे बोलावा. व्हिसासाठी निमंत्रणपत्र आणि खर्चाची हमी सहा महिने आधी पाठवा. अर्ज नाकारला गेला तर पुन्हा करता येईल इतका वेळ हातात हवा.