सुट्टीत चार शहरे पाहायची असतील तर

जर्मनीत शिकायला आलेल्या विद्यार्थ्याच्या मनात पहिल्या सेमिस्टरची परीक्षा संपता संपता एक बेत हमखास घोळू लागतो. मार्चची सुट्टी आहे, हातात निवास परवाना आहे, तेव्हा पॅरिस, रोम, ॲम्स्टरडॅम आणि बार्सिलोना एका दमात पाहून घ्यावीत, असे वाटते. माझाही बेत तोच होता. पण जाण्यायेण्याचे तास कागदावर मांडले तेव्हा दहा दिवसांतले जवळजवळ चार दिवस विमानतळांवर आणि बसथांब्यांवरच जाणार, हे दिसले. तो बेत मोडून मी ड्रेस्डेन, प्राग, व्हिएन्ना आणि बुडापेस्ट ही एका रेल्वेमार्गावरची चार शहरे निवडली. आज कोणी विचारले, तर शहरे नावावरून न निवडता मार्गावरून निवडावीत, असेच मी आग्रहाने सांगते.

ड्रेस्डेनहून प्रागला थेट गाडीने सुमारे अडीच तास लागतात, प्रागहून व्हिएन्नाला चार आणि तिथून बुडापेस्टला पावणेतीनच्या आत-बाहेर. सकाळी न्याहारी करून निघाले, तरी दुपारी पुढचे शहर पायाखाली असते आणि प्रवासापायी पूर्ण दिवस कधीच खर्ची पडत नाही. प्रत्येक शहरात किमान दोन रात्री मुक्काम ठेवावा. एका रात्रीत फक्त स्टेशन आणि हॉस्टेल यांच्यामधला रस्ता ओळखीचा होतो.

तिकिटे आधी काढली तर बरीच स्वस्त पडतात. इंटररेल पास, म्हणजे एकाच पासवर अनेक युरोपीय देशांत रेल्वेने फिरण्याची सोय, युरोपात राहणाऱ्या परदेशी विद्यार्थ्यांनाही मिळतो आणि सत्ताविसाव्या वर्षापर्यंत त्यात सवलत असते, पण असे चारच छोटे टप्पे असतील तर सुट्या तिकिटांशी तुलना करूनच तो घ्यावा. परतीच्या लांब प्रवासात मात्र गाडी बदलायची असेल, तर सगळा प्रवास एकाच तिकिटावर बसवावा. चार पैसे वाचवण्यासाठी मी दोन वेगवेगळी तिकिटे काढली होती. पहिली गाडी तासाभराहून अधिक उशिरा पोहोचली, दुसरी निघून गेली, आणि ऐन वेळेच्या दराने नवे तिकीट घ्यावे लागले. एकच तिकीट असते, तर पुढे पोहोचवण्याची जबाबदारी रेल्वेची ठरली असती. शिवाय युरोपीय संघाच्या नियमांनुसार साठ मिनिटांच्या उशिराला भाड्याच्या २५ टक्के आणि दोन तासांच्या उशिराला ५० टक्के भरपाई एरवी मागता येते.

निवास परवान्यावर शेंगेन क्षेत्रातल्या, म्हणजे आपसातल्या सीमा खुल्या ठेवलेल्या युरोपीय देशांपैकी, इतर देशांत कोणत्याही १८० दिवसांत ९० दिवस राहता येते. सीमेवर नाके दिसत नसले, तरी गाडीत पोलीस मधूनच तपासणी करतात, म्हणून परवान्याच्या कार्डाबरोबर मूळ पासपोर्टही जवळ हवाच. सरकारी आरोग्यविमा असेल, तर विम्याच्या कार्डाच्या मागच्या बाजूला युरोपीय विम्याचा भाग असतो, आणि चेकिया, ऑस्ट्रिया आणि हंगेरी या तिन्ही देशांत तातडीच्या उपचारांसाठी तो चालतो.

चेकियात कोरुना आणि हंगेरीत फोरिंट चालते. तिथल्या एटीएमवर पैसे काढताना यंत्र ‘युरोमध्ये हिशेब करू का’ असे विचारते. तेव्हा नकार देऊन स्थानिक चलनच निवडावे, कारण यंत्राने लावलेला दर बहुतेक वेळा आपल्या बँकेच्या दरापेक्षा महाग असतो. हॉस्टेलच्या कपाटासाठी स्वतःचे कुलूप न्यावे आणि स्वयंपाकघर असलेलेच हॉस्टेल निवडावे; मेतकूट आणि शेंगदाण्याची चटणी सॅकमध्ये असली, की रात्री भात लावला तरी पोटभर जेवण होते. जर्मनी आणि ऑस्ट्रियात रविवारी दुकाने बंद असतात, म्हणून शनिवारीच किराणा भरून ठेवावा. व्हिएन्नात पाण्याची बाटली विकत घेऊ नये. तिथल्या नळाला आल्प्समधल्या झऱ्यांचे पाणी येते आणि १८७३ पासून ते शहराला मिळते आहे.

काय पाहावे, याची लांबलचक यादी करण्यापेक्षा दिवसाला एकच गोष्ट सावकाश पाहावी. ड्रेस्डेनचे फ्राउएनकिर्शे हे चर्च फेब्रुवारी १९४५ च्या बॉम्बवर्षावानंतर कोसळले आणि २००५ मध्ये पुन्हा उभे राहिले. त्याच्या फिकट भिंतीत मधूनच काळेभोर दगड दिसतात. ढिगाऱ्यातून वेचलेले जुने दगड जिथल्या तिथे बसवलेले आहेत. हा वालुकाश्म एल्ब नदीकाठच्या डोंगरांतला आहे. दुसऱ्या दिवशी प्रागच्या गाडीत प्रवासाच्या दिशेने डाव्या खिडकीशी बसले, की नदीपलीकडे त्याच दगडाचे उभे कडे बराच वेळ सोबत करतात. त्या खिडकीसाठी जागेचे आरक्षण करावे लागले, तरी जरूर करावे.

व्हिएन्नाच्या सरकारी ऑपेरात उभे राहून पाहण्याची स्वस्त तिकिटे मिळतात. पूर्वी तिथे जागा मिळाली, की समोरच्या कठड्याला मफलर बांधून ठेवायची आणि मग निर्धास्तपणे बाहेर फिरून यायची पद्धत होती. मफलर बांधलेली जागा दुसरा कोणी घेत नसे.

बुडापेस्टमधली शेवटची संध्याकाळ डॅन्यूबच्या काठासाठी राखून ठेवावी. संसदेच्या इमारतीपासून दक्षिणेला थोडे चालत गेले, की अगदी पाण्यालगत लोखंडाचे साठ जोड बूट मांडलेले दिसतात. १९४४-४५ च्या हिवाळ्यात ज्यूंना इथे काठावर उभे करून, बूट काढायला लावून गोळ्या घातल्या गेल्या. त्यांचे हे स्मारक २००५ मध्ये झाले. इथे तिकीट नाही की बंद होण्याची वेळ नाही, त्यामुळे गर्दी ओसरल्यावर जाता येते. मी गेले तेव्हा एका लहान मुलाच्या बुटात कोणीतरी मेणबत्ती ठेवली होती, आणि नदीवरच्या वाऱ्यात ती विझू नये म्हणून एक आजी हाताचा आडोसा करून शेजारी बसल्या होत्या.