उत्पत्तीचे पहिले दोन अध्याय वाचताना

बायबलचा अभ्यास सुरू केला तेव्हा पहिले काही आठवडे मी एकाच तक्त्यावर घालवले. उत्पत्ती म्हणजे बायबलचं पहिलं पुस्तक. त्याच्या पहिल्या अध्यायात वनस्पती तिसऱ्या दिवशी येतात आणि माणूस सगळ्यांत शेवटी, नर व नारी एकदमच. दुसऱ्यात आधी मातीचा माणूस, मग बाग, मग पशुपक्षी आणि अखेरीस स्त्री. हे दोन क्रम जुळवायचेच, असा माझा हट्ट होता. ते जुळेनात.

शेवटी शिकवणाऱ्या बाईंनी तक्ता बाजूला ठेवायला लावला. "दोन्ही कथा वेगवेगळ्या वाच आणि देवाच्या नावाखाली पेन्सिलीने रेघ ओढ." पहिल्या कथेत नुसता 'देव', हिब्रूत एलोहीम. दुसऱ्या अध्यायाच्या चौथ्या वचनात मध्येच 'परमेश्वर देव' सुरू होतो, म्हणजे याह्वे एलोहीम. हिब्रू येत नसलं तरी मराठी भाषांतरात हे दिसतं. झां आस्त्र्यूक या फ्रेंच वैद्याने १७५३ साली याच नावांवरून मूळ स्रोत वेगळे असावेत, असं मांडलं होतं.

तेव्हापासून पहिली कथा मी मोठ्याने वाचते. तिला पालुपद आहे : 'संध्याकाळ झाली व सकाळ झाली'. दिवसांच्या जोड्याही आहेत. पहिल्या दिवशी प्रकाश, चौथ्या दिवशी ज्योती. दुसऱ्या दिवशी आकाश आणि पाणी, पाचव्या दिवशी पाखरं आणि मासे. सूर्य-चंद्रांची नावं मात्र येत नाहीत, नुसती 'मोठी ज्योती' आणि 'लहान ज्योती'. शेजारची राष्ट्रं त्यांना देव मानून पूजत होती, हे कळल्यावर मला ते मौन फार बोलकं वाटलं. बॅबिलोनच्या 'एनुमा एलिश' या निर्मितीकाव्यात मार्दुक हा देव तियामत या समुद्रदेवीला मारून तिच्या देहातून आकाश घडवतो. इथे युद्धच नाही, नुसता शब्द.

दुसऱ्या कथेत देव कुंभारासारखा माती घडवतो. 'अदामा' म्हणजे जमीन, तिच्यातून 'आदाम'. हा श्लेष भाषांतरात हरवतो, म्हणून तळटीपा टाळू नका. आणि आदाम-हव्वेने खाल्लेलं निषिद्ध फळ सफरचंदाचं होतं असं मुळात कुठेच नाही.

अध्यायांची विभागणी मध्ययुगातली आहे. त्यामुळे सातवा दिवस दुसऱ्या अध्यायात गेलाय. पहिली कथा तिथवर वाचा. नंतर बायबलमधलंच स्तोत्र १०४ घ्या, मग दुःखात देवाला जाब विचारणाऱ्या ईयोबाच्या पुस्तकाचा ३८वा अध्याय. तिथे देव निर्मितीची कथा सांगत नाही, ईयोबालाच विचारतो : मी पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कोठे होतास?