इंजिन गार्ड घेताना या चुका टाळा: पाईपच्या जाडीवर भुलू नका

मोटरसायकल पडली तर इंजिन वाचावं म्हणून त्याच्याभोवती लोखंडी पाईपचा गार्ड बसवतात. कोल्हापुरात असा गार्ड घ्यायला गेलेला माणूस आधी पाईप हातात घेऊन वजन बघतो आणि मग विचारतो, "किती एमएमचा हाय?" शिवाजी उद्यमनगरातल्या लेथ आणि वेल्डिंगवर पिढ्या पोसलेलं गाव आहे, त्यामुळं लोखंडाची पारख इथं पोराटोरांनाही असते. तरीही इंजिन गार्डच्या बाबतीत जाडीचा प्रश्न दुसऱ्या नंबरचा. आधी विचारायचं ते हे, की पाईप गाडीला कुठं बांधलाय आणि गाडी पडल्यावर दणका शेवटी कुणाला बसणार आहे.

जाडी बघितली, बांधणी बघितली नाही

गाडी आडवी झाली की भार पाईपमधून ब्रॅकेटवर (पाईप गाडीला जोडणाऱ्या पट्टीवर), तिथून बोल्टवर आणि बोल्टमधून चॅसीवर, म्हणजे गाडीच्या सांगाड्यावर, किंवा थेट इंजिनच्या माउंटिंगवर (इंजिन सांगाड्याला जिथं बांधलेलं असतं तिथं) जातो. पाईप थोडा वाकला तर बराचसा दणका त्या वाकण्यातच जिरतो. वाकायलाच तयार नसलेला पाईप तो जसाच्या तसा पुढं ढकलतो, आणि पुढं असतं इंजिनचं बाहेरचं कवच, अॅल्युमिनियमचं ओतीव केसिंग. शिरोलीत किंवा गोकुळ शिरगावात फौंड्रीत काम केलेल्या कुणालाही विचारा: कास्टिंग वाकत नाही, तडकतं. गार्ड काही हजारांत नवा मिळतो. केसिंगला माउंटिंगपाशी तडा गेला तर मात्र इंजिन उतरवून खोलायची वेळ येते.

म्हणून दुकानात पाईप नंतर उचला, आधी ब्रॅकेट मोजा. प्रत्येक बाजूला निदान दोन ठिकाणी पकड हवी, तीन असतील तर उत्तम. डावी आणि उजवी बाजू मधल्या आडव्या पाईपनं जोडलेली असली की पडलेल्या बाजूचा भार दोन्हीकडं वाटला जातो. पुढच्या डाऊनट्यूबला (इंजिनपुढून खाली येणाऱ्या चॅसीच्या पाईपला) एकाच क्लॅम्पनं आवळलेला गार्ड दिसायला भारदस्त असतो, पण एका फटक्यात फिरतो आणि इंजिन उघडं पडतं.

पाईप आणि इंजिन यांच्यात जागा किती उरते तेही बघा. दोन बोटं तरी मोकळी हवीत, कारण पाईप वाकणार तो आतच. बहुतेक गाड्यांत उजवीकडं क्लचचं कव्हर आणि डावीकडं मॅग्नेटोचं (वीज तयार करणाऱ्या भागाचं) कव्हर सगळ्यात बाहेर आलेलं असतं. वाचवायचं आहे ते हेच. कव्हर फुटलं की ऑइल खाली जातं, आणि गगनबावड्याच्या रस्त्यावर भर पावसात टेम्पोची वाट बघत थांबावं लागतं.

बोल्ट मिळेल तो टाकला

गार्ड बसवताना बऱ्याचदा कंपनीचा इंजिन बोल्ट काढून त्या जागी लांब बोल्ट घालावा लागतो. इथं सगळ्यात जास्त घोटाळे होतात. बोल्टच्या डोक्यावर ८.८ किंवा १०.९ असा आकडा कोरलेला असतो, ती त्याच्या ताकदीची प्रत. मूळ बोल्टवर जो आकडा होता तोच किंवा त्यावरचा हवा, आटेही त्याच पिचचे (तेवढ्याच अंतराचे) हवेत. डोक्यावर काहीच नसलेला बोल्ट इंजिनला लावू देऊ नका, दुकानदार कितीही ओळखीचा असला तरी. आणि मेकॅनिक सगळे बोल्ट एकदम काढायला लागला तर थांबवा. इंजिनखाली जॅक लावून एकेक बोल्ट बदलायचा असतो, नाहीतर इंजिन खाली बसतं आणि नवा बोल्ट ठोकून घालावा लागतो.

भोकं जुळत नाहीत म्हणून पहारीनं गार्ड ताणून बसवणं ही त्याचीच पुढची पायरी. असा गार्ड पहिल्या दिवसापासून ताणात असतो. मग बोल्ट सैल होत राहतात किंवा एके दिवशी तुटतात. आधी सगळे बोल्ट हातानं अर्धवट लावायचे, गार्ड मोकळा बसतोय का बघायचा, मगच आवळायचे.

"भावा, दोन टाके मारतो, जागेवरच बसंल" असं कुणी म्हणालं तर गाडी तिथून काढा. १ एप्रिल २०२० पासूनच्या बीएस ६ गाड्यांत इंजिनचा कारभार ईसीयूच्या (इंजिन चालवणाऱ्या छोट्या कॉम्प्युटरच्या) हाती असतो, आणि बॅटरी जोडलेली ठेवून गाडीवरच वेल्डिंग केलं तर तो जळू शकतो. चॅसीला टाका मारणं तर कुठल्याच सालच्या गाडीला नको. वेल्डिंग करायचंच असेल तर गार्ड गाडीवरून उतरवून करा.

घाटाचा विचार केला नाही

फक्त ताराबाई पार्क ते रंकाळा गाडी फिरणार असेल तर रुंद गार्डनं फारसं बिघडत नाही. पण फोंडा, करूळ, आंबोली असे घाट करणाऱ्याला गार्ड किती खाली आणि किती बाहेर आलाय हे बघावंच लागतं. वळणात गाडी कलली, मागं माणूस आणि सामान आहे, सस्पेन्शन दबलंय, अशा वेळी खालचा पाईप रस्त्याला टेकला तर चाकांवरचा भार सुटतो आणि गाडी सरळ घसरते. तो टेकायच्या आधी फूटरेस्ट टेकला पाहिजे. दुकानातच गाडीवर दोघं बसून, गाडी हळूच कलवून हे तपासता येतं. त्याच वेळी हँडल दोन्हीकडं पूर्ण वळवा आणि पुढचा शॉक दाबून चाक किंवा मडगार्ड कुठं घासत नाही ना ते बघा. गिअर आणि ब्रेकचा पाय मोकळा फिरतो का, ऑइलचा नट आणि फिल्टर गार्ड न काढता उघडता येतो का, तेही.

ऊसतोड सुरू झाली की ट्रॅक्टरच्या चाकांची माती डांबरावर येते. मग चिखल उडू नये म्हणून लोक गार्डवर रबराचा नाहीतर प्लास्टिकचा पडदा बांधतात. एअरकूल्ड इंजिनला समोरून येणारी हवाच थंड ठेवते. पडदा असा बांधा की फिन्सवर (इंजिनवरच्या पातळ पात्यांवर) वारा आला पाहिजे. रेडिएटरवाल्या गाडीला रेडिएटरपुढं काहीच नको, बारीक जाळी तेवढी चालते, तीही वेळच्या वेळी धुऊन.

गार्डकडून भलत्या अपेक्षा

गार्ड इंजिनसाठी आहे, पायासाठी नाही. 'लेग गार्ड' या नावावर जाऊ नका. अमेरिकेत हॅरी हर्ट यांच्या पथकानं लॉस एंजेलिस भागातले शेकडो मोटरसायकल अपघात तपासले. १९८१ साली आलेल्या त्या अहवालात क्रॅश बारबद्दल, म्हणजे अशाच गार्डबद्दल, म्हटलंय की घोटा आणि पावलाच्या इजा कमी होतात, पण तेवढ्याच मांडी, गुडघा आणि नडगीच्या वाढतात. बूट घाला.

गार्ड इंजिनच्या पोटाखालचंही काही वाचवत नाही. दाजीपूरकडच्या दगडी वाटांवर जायचं तर खाली बॅश प्लेट, म्हणजे इंजिनच्या पोटाखालचा संरक्षक पत्रा, लागते. हिमालयन, एक्सपल्स अशा गाड्यांना ती कंपनीकडूनच येते. साध्या गाडीला लावलीत तर तिच्यात साचणारा चिखल काढत चला. रेसिंग धाटणीच्या गाड्यांना नायलॉनचे स्लायडर, म्हणजे बाजूला बाहेर येणारे ठोकळे, लावतात. उभी गाडी पडली किंवा सपाट रस्त्यावर घसरली तर ते छान काम करतात, पण लांब स्लायडर खड्ड्याच्या कडेला अडकला की गाडी उलटते. आपल्या रस्त्यांवर आखूडच बरा.

बसवल्यावर काही बिघडलं तर

ठरावीक वेगालाच गार्ड गुणगुणत असेल तर बहुधा आडवा जोडपाईप नाही किंवा एखादा बोल्ट ढिला आहे. शे-दोनशे किलोमीटरनंतर सगळे बोल्ट एकदा टॉर्क पाना (ठरावीक जोरानं आवळणारा पाना) लावून तपासा. आवाज नव्हता आणि अचानक सुरू झाला तर ब्रॅकेटच्या वेल्डिंगला तडा गेलाय का ते आधी बघा. पाईपच्या टोकांच्या प्लास्टिकच्या टोप्या हरवल्या की पावसाचं पाणी आत शिरतं आणि वरून चकचकीत दिसणारा गार्ड आतून गंजतो.

गाडी पडून गार्ड वाकला असेल तर तो गॅसवर तापवून सरळ करून घेऊ नका. पुन्हा पडल्यावर तो तिथंच मोडेल. पाईपपेक्षा माउंटिंग निरखून बघा, वाकलेला बोल्ट बदला, आणि कव्हरच्या कडेनं ऑइलचा ओलावा दिसतोय का ते दोन दिवस पाहत राहा.

कंपनीचे मूळ बोल्ट मात्र टाकून देऊ नका. पुढं कधी गार्ड उतरवला तर लांब बोल्ट तसाच ठेवता येत नाही. ब्रॅकेटची जाडी गेली की आरपार बोल्टचा नट आट्यांच्या शेवटी जाऊन अडतो, बंद भोकातल्या बोल्टचं टोक तळाला टेकतं. हाताला घट्ट लागतो, पण माउंटिंग ढिलंच राहतं.