हॉटेलची एफडीए तपासणी : फरशी चकाचक, तरी नोटीस का येते? या चुका टाळा

एफडीएच्या, म्हणजे अन्न व औषध प्रशासनाच्या, तपासणीची कुणकुण लागली की बहुतेक हॉटेलांत एकच धावपळ सुरू होते. फरशीवर फिनेल पडतं, एक्झॉस्टची जाळी घासून निघते, पोरांच्या डोक्यावर कुठून तरी टोप्या येतात. अन्न सुरक्षा अधिकारी आत येतो, फरशीवर एक नजर टाकतो आणि सरळ फ्रीज उघडून पातेल्यात थर्मामीटर खुपसतो. मालक लोक दिसणाऱ्या घाणीच्या मागे लागतात. नोटिशीत मात्र तापमान, वेळ आणि नोंदी यांचेच मुद्दे भरलेले असतात.

एफएसएसएआयची, म्हणजे अन्न सुरक्षेचे नियम ठरवणाऱ्या केंद्रीय प्राधिकरणाची, केटरिंगसाठीची तपासणी यादी गुप्त नाही. एकूण ११४ गुण, साध्या मुद्द्याला दोन आणि तारा लावलेल्या मुद्द्याला चार. ताऱ्याच्या मुद्द्यात नापास झालात तर बाकीचे गुण कितीही असोत, अख्खी तपासणी नापास होऊ शकते. हीच यादी हातात घेऊन महिन्यातून एकदा स्वतःच्या किचनमधून फिरा, तेही दुपारी चारला, सगळे झोपायला गेलेले असताना.

ग्रेव्हीचं पातेलं

सगळ्यात जास्त घोळ इथे होतो. दुपारी लाल ग्रेव्हीचं वीस लिटरचं पातेलं गॅसवरून उतरतं, ओट्याखाली सरकवलं जातं आणि रात्री हॉटेल बंद करताना झाकण लावून फ्रीजमध्ये जातं. बाहेरून हात लावावा तर गार. थर्मामीटर मधोमध घातला की चाळिशीच्या आसपास आकडा दिसतो. घट्ट ग्रेव्ही उष्णता धरून ठेवते, त्यामुळे फ्रीजमध्ये गेल्यावरही तिचा मधला भाग कित्येक तास कोमटच राहतो.

नियम असा : शिजवून ठेवायचा पदार्थ ६० अंशांवरून २१ अंशांवर दोन तासांच्या आत यायला हवा आणि तिथून ५ अंशांवर पुढच्या दोन तासांत. यामागे कारण आहे. मटणाच्या रश्श्यात किंवा ग्रेव्हीत क्लॉस्ट्रिडियम परफ्रिंजेन्स नावाच्या जिवाणूचे बीजाणू उकळी येऊनही मरत नाहीत आणि रस्सा कोमट राहिला की झपाट्याने वाढतात. भाताचं प्रकरण याहून वाईट. दुपारचा भात परातीत उघडा ठेवून रात्री फ्राइड राइसला वापरायचा, ही चायनीजच्या गाड्यापासून मोठ्या हॉटेलपर्यंत सगळ्यांची सवय. त्या भातात बॅसिलस सिरियस वाढला तर त्याचं विष कढईच्या भडक्यावरही नष्ट होत नाही. 'आपण परत गरम करतो ना' हा युक्तिवाद तिथे चालत नाही.

यावर अनेक मालक उलटी चूक करतात : वाफाळतं पातेलं तसंच फ्रीजमध्ये. मग शेजारचं दही, पनीर, मॅरिनेट केलेलं चिकन सगळंच तापतं. ग्रेव्ही दोन इंच खोलीच्या स्टीलच्या ट्रेमध्ये ओतावी, किंवा पातेलं बर्फाच्या पाण्यात ठेवून अधूनमधून ढवळावं, आणि मग फ्रीजमध्ये जावं. भात उथळ ट्रेमध्ये पसरून लगेच गार करावा. वस्ताद म्हणणारच, 'शेठ, इतकी वर्षं असंच करतोय, कोणाला काही झालं नाही.' वाद घालू नका. काही शे रुपयांचा डिजिटल प्रोब थर्मामीटर त्याच्याच हातात द्या आणि रात्रीच्या पातेल्यात घालायला सांगा. थर्मामीटर बरोबर आहे का ते बघायचं तर ग्लासभर बर्फाच्या चुऱ्यात थोडं पाणी घालून त्यात ठेवा. शून्य दाखवायला हवं.

पुन्हा गरम करताना आतपर्यंत ७५ अंश, किमान दोन मिनिटं. बॅन-मारी (गरम पाण्यावर भांडी ठेवायचं काउंटर) गरम ठेवायला असते, गार ग्रेव्ही तापवायला नाही, आणि गार रश्श्यात उकळतं पाणी ओतणंही चालत नाही. सर्व्हिसच्या वेळी गरम पदार्थ ६५ अंशांवर आणि मांसाहारी ७० अंशांवर राहायला हवेत.

फ्रीजमध्ये कच्चं चिकन वरच्या फळीवर आणि खाली उघडी चटणी, हे दृश्य तर अजून जागोजागी दिसतं. कच्चं नेहमी खाली. फ्रोजन माल आदल्या रात्री खालच्या फ्रीजमध्ये वितळवा. सकाळी मोरीत बादलीभर पाण्यात टाकून दिलेलं चिकन पाहिलं की अधिकाऱ्याला पुढचं काही शोधावंच लागत नाही.

रंग, बर्फ, तेल

मन्चुरियन, तंदुरी, बिर्याणी यांत कृत्रिम रंग घालायला परवानगी नाही. 'थोडासाच टाकतो' हे उत्तर म्हणजे कबुलीच. रंग वापरत नसाल तर मसाल्याच्या रॅकवर उरलेली रंगाची पुडीसुद्धा ठेवू नका. गोव्यात म्हापशाच्या बोडगेश्वर जत्रेत २०२४ मध्ये गोबी मन्चुरियनच्या गाड्यांवर बंदी आली, त्या वादात रंगाचा मुद्दा होताच. लाली हवी तर बेडगी आणि काश्मिरी मिरची आहे की.

बर्फाचं महाराष्ट्रात सोपं आहे : जून २०१८ पासून खाण्यासाठी नसलेला बर्फ निळसर करून विकायचा असतो. निळा बर्फ सरबतात दिसता कामा नये. आणि बर्फ काढायला काचेचा ग्लास वापरू नका. फुटलेली काच बर्फात सापडत नाही.

तळणाच्या तेलातली पोलर कंपाउंड्स (तेल पुन्हापुन्हा तापवल्याने त्यात तयार होणारी घातक द्रव्यं) २५ टक्क्यांपर्यंतच चालतात, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. रोज ५० लिटरपेक्षा जास्त तेल तळणाला लागत असेल तर त्याची नोंदवही लागते. काळं तेल गाळून पुन्हा कढईत टाकण्याची काटकसर वड्याच्या वासातच कळते.

फाइल

कागदांत लोक हमखास अडकतात. पाण्याचा आयएस १०५०० (पिण्याच्या पाण्याचं भारतीय मानक) प्रमाणेचा रिपोर्ट दर सहा महिन्यांनी हवा. टँकर येणाऱ्या सोसायटीतल्या हॉटेलांनी याकडे काणाडोळा करूच नये. कामगारांची वैद्यकीय तपासणी वर्षातून एकदा आणि टायफॉइडसारख्या आतड्यांच्या आजारांविरुद्ध लस. इथली नेहमीची फजिती म्हणजे फाइलमध्ये बारा प्रमाणपत्रं असतात, पण त्यातली सात पोरं केव्हाच गावी गेलेली आणि तंदूरवर उभा असलेला मुलगा फाइलमध्येच नसतो. नवा माणूस रुजू झाला की पहिल्याच आठवड्यात त्याची तपासणी करून घ्या. दर २५ कामगारांमागे एक फॉस्टॅक (एफएसएसएआयचं अन्न सुरक्षा प्रशिक्षण) प्रशिक्षित सुपरवायझर लागतो, आणि तो शिफ्टवर असायला हवा.

पनीरचं बिल नसणं ही महागात पडणारी चूक. स्कूटरवरून किलोमागे स्वस्त पनीर देऊन जाणाऱ्याकडून माल घेतलात, नमुना घेतला गेला आणि त्यात दुधाची स्निग्धता कमी निघाली, की मागे बोट दाखवायला तुमच्याकडे कोणी उरत नाही. परवानाधारक पुरवठादाराकडूनच माल घ्यायचा आणि त्याची नोंद ठेवायची, ही तुमच्या परवान्याचीच अट आहे. ॲनालॉग (दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वगैरे वापरून केलेलं पनीरसारखं उत्पादन) वापरत असाल तर मेनूत 'पनीर' लिहू नका.

बाकी किरकोळ : हात धुण्याच्या बेसिनमध्ये प्लेटा साठवणं, तिथे साबण नसणं, टेबल पुसायच्या फडक्यानेच चमचे पुसणं, वडापावला वर्तमानपत्र, बिलावर चौदा आकडी परवाना क्रमांक नसणं. तासाभरात सुटण्यासारखं आहे, सोडवून टाका.

अधिकारी दारात आल्यावर

'मालक नाहीत, उद्या या' म्हणून अडवू नका. तपासणीत अडथळा आणणं हा वेगळा गुन्हा आहे. नमुना घेतला तर त्याची बाजारभावाने किंमत मिळते, ती घ्या आणि पावतीवर सही करण्याआधी वाचा. नमुन्याचे चार भाग होतात : एक अन्न विश्लेषकाकडे (नमुना तपासून रिपोर्ट देणारा), दोन पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे (अन्न सुरक्षा अधिकाऱ्याचा वरिष्ठ). चौथा भाग तुम्ही मागणी केलीत तर मान्यताप्राप्त प्रयोगशाळेत जातो. ही मागणी त्याच वेळी लेखी करायची असते. बरेच जण गडबडीत गप्प बसतात आणि रिपोर्ट विरोधात गेल्यावर वकिलाकडे धावतात. रिपोर्ट मान्य नसेल तर तो हातात पडल्यापासून ३० दिवसांत पदनिर्देशित अधिकाऱ्याकडे फॉर्म ८ मध्ये अपील करता येतं.

सुधारणा नोटिशीत दुरुस्तीला किमान १४ दिवस मिळतात. 'सर्व त्रुटी दूर केल्या आहेत' असं एका ओळीचं उत्तर पाठवू नका. नोटिशीतला प्रत्येक मुद्दा, त्यासमोर काय केलं, कोणत्या तारखेला केलं, आधीचा-नंतरचा फोटो, पेस्ट कंट्रोलचं किंवा प्लंबरचं बिल, असं तक्त्यात मांडा. जे १४ दिवसांत होण्यासारखं नाही, उदाहरणार्थ मोरीचा उतार बदलणं, त्यासाठी मुदत संपायच्या आधीच लेखी वाढ मागा. उत्तर स्वतः नेऊन द्या आणि दुसऱ्या प्रतीवर तारखेच्या शिक्क्यासह पोच घ्या.