वस्तीत नशेची पुडी विकली जाते तेव्हा: पहिल्या बैठकीपासून पोलीस तक्रारीपर्यंत

अंधार पडला की बंद शौचालयामागे दुचाक्या थांबतात आणि दोन मिनिटांत निघून जातात. सकाळी झाडणाऱ्या बाईच्या सुपलीत काळवंडलेल्या पन्नीचे तुकडे आणि खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या येतात. हे सगळ्यांना दिसतं, पण बोलत कुणीच नाही. मग एखाद्या दिवशी कुणाचा तरी मुलगा बेशुद्ध सापडतो आणि घाईघाईने बैठक बोलावली जाते. तिच्यात ठराव होतो, 'पोरांना धरा आणि चोपा.' दोन-तीन व्यसनी पोरं मार खातात, विकणारा शेजारच्या गल्लीत सरकतो आणि महिन्याभरात परत येतो. चोर सोडून संन्याशाला फाशी, ते हेच. विकणारा आणि ओढणारा वेगळे धरले नाहीत, तर वस्ती कितीही तापली तरी माल बंद होत नाही. म्हणून पुढची सगळी मांडणी या एका फरकावर उभी आहे.

बैठकीआधीचा आठवडा

पाच ते सात जणांचा गट पुरे. त्यात निदान तीन बाया असाव्यात, एक शिक्षक किंवा शिक्षिका, औषधाच्या दुकानाचा मालक, आणि शक्य असेल तर व्यसनातून बाहेर पडलेली एखादी व्यक्ती किंवा तिच्या घरचं कुणी. निवडणूक लढवू पाहणारा माणूस गटात नको. त्याच्यामुळे अर्धी वस्ती पहिल्याच दिवशी दूर जाते.

सात दिवस फक्त बघा आणि लिहा. जागा, वार, वेळ, गाडीचा रंग आणि नंबर, त्या ठिकाणचा दिवा चालू होता की बंद. ज्याने पाहिलं त्यानेच लिहायचं, ऐकीव गोष्ट वहीत नको. कुणाचा पाठलाग करू नका, तोंडासमोर मोबाइल धरून चित्रण करू नका, आणि 'खात्री करून घ्यायला' स्वतः पुडी विकत घेण्याचा शहाणपणा तर मुळीच नको.

रस्त्यात पडलेली पुडीही उचलायची नाही. एनडीपीएस म्हणजे अमली पदार्थांबद्दलच्या १९८५ च्या कायद्याच्या कलम ५४ नुसार माल ज्याच्या ताब्यात सापडला, त्याला त्याचा समाधानकारक खुलासा देता आला नाही तर गुन्हा त्याचाच धरला जातो. 'पोलिसांना द्यायला खिशात ठेवली होती' हे पटवून देणं फार जड जातं. तिथेच राहू द्या, लांबून फोटो काढा, ११२ ला किंवा अमली पदार्थांच्या १९३३ या हेल्पलाइनला कळवा आणि मुलांना तिथून हटवा. सुई दिसली तर ती पालिकेच्या सफाई विभागाकडून उचलून घेणं उत्तम. अगदीच थांबता येत नसेल तर जाड हातमोजे घाला, चिमट्याने उचला, टोक खाली करून जाड प्लास्टिकच्या बाटलीत टाका आणि झाकण घट्ट लावा. सुईवर टोपण परत बसवायला जाऊ नका, बोटाला सुई टोचते ती तेव्हाच.

चिठ्ठ्यांचं मतदान

रविवारी संध्याकाळी पाचची वेळ ठेवा. व्यासपीठ नको, खुर्च्या गोल मांडा. पहिल्या बैठकीला पोलिसांना बोलावू नका, त्यांच्यासमोर आया बोलत नाहीत. हात वर करून मत विचारलं की एकच उत्तर येतं, 'सगळ्यांना आत टाका.' कारण वेगळं बोलणाऱ्याच्या घराकडे लगेच नजरा वळतात. झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणत घरं गप्प राहतात ती या नजरांच्या भीतीने. म्हणून भाषणांच्या आधी चिठ्ठ्या घ्या.

ए-फोर कागदाचे चार तुकडे करा आणि प्रत्येकावर चार प्रश्न छापा. वस्तीत विक्री होते असं तुम्हाला वाटतं का? तुमच्या घरात किंवा जवळच्या नात्यात कुणी नशा करतं का? नशा करणाऱ्याला आधी कुठे न्यावं, पोलीस ठाण्यात की दवाखान्यात? विकणाऱ्याची माहिती द्यायला भीती वाटते का? उत्तराला फक्त बरोबरची खूण करायची, अक्षर कुठेच नको. सगळ्यांना एकाच रंगाची बॉलपेनं द्या, नाहीतर हिरव्या शाईची चिठ्ठी कुणाची हे पाठीमागे बसलेल्याला कळतं. चिठ्ठी दोनदा दुमडून बिस्किटाच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. मोजणी दुसऱ्या गल्लीतल्या दोघींनी करावी आणि आकडे फळ्यावर लिहावेत. पंधरापेक्षा कमी माणसं आली असतील तर दुसऱ्या प्रश्नाचा आकडा जाहीर करू नका, घर ओळखू येतं.

फळ्यावर दुसऱ्या प्रश्नाखाली 'हो: ९' असं दिसलं की बैठकीचा सूर बदलतो. 'आपली मुलं तशी नाहीत' हे वाक्य मग कुणी सहज म्हणत नाही.

जी वाक्यं हमखास येतात

'सगळ्यांना एकच शिक्षा हवी.' कायदा असं म्हणत नाही, आणि २००१ च्या दुरुस्तीपासून तर मुळीच नाही. शिक्षा मालाच्या वजनावर ठरते. अल्प प्रमाणाची मर्यादा गांजाला १ किलो, चरसला १०० ग्रॅम, गर्दला म्हणजे हेरॉइनला ५ ग्रॅम, कोकेन आणि एमडीला म्हणजे मेफेड्रोनला २ ग्रॅम. व्यापारी प्रमाणाची मर्यादा गांजाला २० किलो, चरसला १ किलो, गर्दला २५० ग्रॅम, कोकेनला १०० ग्रॅम, एमडीला ५० ग्रॅम. अल्प प्रमाणाला एक वर्षापर्यंत कैद, मधल्या वजनाला दहा वर्षांपर्यंत, व्यापारी प्रमाणाला किमान दहा आणि कमाल वीस वर्षं, शिवाय एक ते दोन लाख दंड. नुसत्या सेवनाला कलम २७ लागतं. गर्द किंवा कोकेन असेल तर एक वर्षापर्यंत कैद किंवा वीस हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही, गांजा असेल तर सहा महिने किंवा दहा हजार किंवा दोन्ही. हे आकडे फळ्यावर लिहा, कारण 'काही होत नाही' आणि 'जन्मठेप होते' या दोन्ही अफवा सारख्याच पसरलेल्या असतात.

'गांजा तर साधूही ओढतात, तो काय गुन्हा आहे का?' आहे. १९८५ च्या कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोऱ्याचे शेंडे, आणि चरस म्हणजे त्याची राळ. नुसती पानं आणि बिया, शेंडे सोबत नसतील तर, त्या व्याख्येत येत नाहीत. म्हणून पानांची भांग या कायद्याबाहेर राहते आणि तिला राज्याचे नियम लागतात. गांजाबद्दल समाजाची नजर मवाळ आहे हे मान्य करूनच बोला. दटावलं की तरुण पोरं उठून जातात, आणि खरं म्हणजे ती बसून राहायला हवी असतात. एम्सने देशभर केलेल्या आणि २०१९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत १० ते ७५ वयाच्या लोकांपैकी २.८ टक्के लोकांनी वर्षभरात भांग, गांजा किंवा चरस घेतल्याचं आढळलं, तर दारू पिणारे १४.६ टक्के. दारूचा आकडा टाळून गर्दवर भाषण केलं, तर ऐकणाऱ्याला खोट लगेच कळते.

ओढणाऱ्यासाठी दार उघडं ठेवा

बैठकीत सर्वांत जास्त वेळ कलम ६४अ ला द्या. सेवनाच्या किंवा अल्प प्रमाणाच्या गुन्ह्यात अडकलेली व्यसनी व्यक्ती स्वतःहून सरकारी किंवा मान्यताप्राप्त ठिकाणी उपचाराला गेली आणि उपचार पूर्ण केले, तर तिच्यावर खटला चालत नाही. उपचार अर्धवट सोडले तर हे संरक्षण काढून घेता येतं. कलम ३९ खाली न्यायालयही शिक्षेऐवजी बंधपत्रावर उपचाराला पाठवू शकतं. ज्या आईला हे माहीत नसतं, ती मुलाला लपवते.

सल्ल्यासाठी १४४४६ ही नशामुक्तीची राष्ट्रीय हेल्पलाइन आहे. जिल्हा रुग्णालयाच्या मानसोपचार विभागापासून सुरुवात करा. पुण्यात १९८६ पासून काम करणारं मुक्तांगण बहुतेकांनी ऐकलेलं असतं, पण नाव ऐकलेलं नसलेल्या केंद्रात माणूस ठेवण्याआधी चार गोष्टी बघा: मानसिक आरोग्य कायद्याखालची नोंदणी भिंतीवर लावली आहे का, डॉक्टर कोणत्या वारी येतात, घरच्यांना भेटू देतात का, आणि दाखल असलेल्यांच्या अंगावर माराच्या खुणा आहेत का. साखळीने बांधून ठेवायला २०१७ च्या याच कायद्याने मनाई आहे. 'मारून सरळ करतो' म्हणणाऱ्या केंद्रातून तिथल्या तिथे परत फिरा.

घरी खोलीत कोंडून नशा सोडवायचा प्रयत्न जवळपास प्रत्येक वस्तीत होतो. गर्दची टर्की, म्हणजे नशा बंद झाल्यावर शरीराला होणारा त्रास, शेवटच्या डोसनंतर आठ ते बारा तासांत सुरू होते. नाक-डोळे गळतात, हाडं मोडल्यासारखी दुखतात, उलट्या-जुलाब होतात. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात वाईट अवस्था असते आणि आठवड्याभरात ओसरते. त्रास भयंकर, पण औषधाने तो आटोक्यात राहतो. सोबत दारू किंवा झोपेच्या गोळ्यांची सवय असेल तर मात्र एकदम बंद केल्याने फिट येऊन जीव जाऊ शकतो. म्हणून दाखल करताना काय काय घेतो ते सगळं सांगा, लाजू नका. गर्दसाठी सरकारी ओएसटी केंद्रांत, म्हणजे नशेच्या जागी बदली औषध देणाऱ्या केंद्रांत, ब्युप्रेनॉर्फिनची गोळी कर्मचाऱ्यांच्या देखरेखीखाली जिभेखाली ठेवायला देतात. 'एक नशा सोडून दुसरी लावली' असं लोक म्हणतील. त्यांना सांगा, या गोळीवर माणूस कामाला जातो, सुई टोचत नाही आणि पुडीसाठी चोरी करत नाही. एमडीला अशी बदली गोळी नाही. ती सुटताना माणूस खचतो, जीव देण्याचं बोलतो, त्यामुळे पहिले दिवस त्याला एकटं सोडायचं नाही.

आणि एक गोष्ट घरच्यांना दोनदा सांगा. केंद्रातून किंवा तुरुंगातून महिन्याभराने बाहेर आलेल्याच्या शरीराची गर्द सोसायची ताकद उतरलेली असते. तो पूर्वीइतकाच डोस घेतो आणि मरतो. ओठ निळसर, बाहुल्या टाचणीएवढ्या, श्वास संथ किंवा घरघरता दिसला तर १०८ ला फोन करा. श्वास चालू असेल तर कुशीवर झोपवा, थांबला असेल तर तोंडाने श्वास द्या. मीठपाणी, दूध, थंड पाण्याची बादली, धरून चालवणं, यातलं काही करू नका. दवाखान्यात नालोक्सोन नावाचं इंजेक्शन असतं, पण काय घेतलं ते डॉक्टरांना खरं सांगितलं तरच ते वेळेत दिलं जातं.

विकणाऱ्यासाठी कागद

जाहीर अर्ज आणि गुप्त माहिती वेगळी ठेवा. अर्ज सगळ्यांच्या सहीने, पोलीस ठाण्यात दोन प्रतींत द्यायचा आणि आपल्या प्रतीवर पोच घ्यायची. त्यात आठवड्याची नोंद जशीच्या तशी: 'मंगळवार आणि शुक्रवार, ७ ते ८, बंद शौचालयामागे, दिवा बंद.' नावं त्यात घालू नका. नाव, गाडीचा नंबर, माल ठेवायची खोली, हे ज्याला खात्रीने माहीत आहे त्याने १९३३ वर एकट्याने कळवावं. ही 'मानस' हेल्पलाइन जुलै २०२४ मध्ये सुरू झाली. माहिती कुठून मिळाली हे सांगण्याची सक्ती कलम ६८ मुळे पोलीस अधिकाऱ्यावर करता येत नाही, हे चौथ्या प्रश्नाला 'हो' म्हणणाऱ्यांना आवर्जून वाचून दाखवा. जुन्या भांडणाचा सूड म्हणून खोटी माहिती देऊन कुणाला अटक करवली, तर कलम ५८ खाली दोन वर्षांपर्यंत कैद आहे, हेही त्याच दमात सांगा. व्हॉट्सअॅप ग्रुपवर संशयिताचं नाव टाकलं तर सकाळपर्यंत त्याला कळतं आणि माल हलतो.

रिकाम्या खोलीत विक्री चालत असेल तर मालकाला स्पीड पोस्टने पत्र पाठवा. जागा या कामाला जाणूनबुजून वापरू देणारा कलम २५ खाली त्याच शिक्षेला पात्र ठरतो. पत्र पोचल्यावर 'मला माहीतच नव्हतं' म्हणायची सोय उरत नाही, आणि खोल्या भराभर रिकाम्या होतात. दिवा आणि शौचालयाचं कुलूप हा पालिकेचा विषय आहे, त्याचा अर्ज प्रभाग कार्यालयात वेगळा. पोलिसांच्या अर्जात तो मिसळला की दोन्हीकडे पडून राहतो.

पुडी पोचवणारं पोर अठराच्या आतलं असेल तर त्याला धरून मारू नका, १०९८ या मुलांच्या हेल्पलाइनला कळवा. मुलाला विक्रीला लावणाऱ्याला बाल न्याय कायद्याच्या कलम ७८ खाली सात वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड आहे. पंक्चरचं सोल्यूशन हुंगणारी मुलं एनडीपीएसमध्ये येतच नाहीत. त्यांना शाळा, जेवण आणि दवाखाना लागतो.

तीन महिन्यांनी तीच चिठ्ठी, तोच डबा. दुसऱ्या प्रश्नाचे 'हो' वाढले तर लगेच घाबरू नका, बऱ्याचदा त्याचा अर्थ लोक आता खरं लिहू लागलेत असा असतो. चौथ्या प्रश्नाचे 'हो' मात्र तेवढेच राहिले असतील, तर पुढची बैठक फक्त त्या प्रश्नावर घ्या आणि या वेळी बीट अंमलदारांना, म्हणजे आपला भाग सांभाळणाऱ्या पोलिसांना, बोलवा.