मॅच-केसमध्ये एका वेळी एकच पातळी उलगडा

पायथॉन या प्रोग्रामिंग भाषेत ३.१० आवृत्तीपासून मॅच-केस आहे: आलेला डेटा एकेका 'केस'मधल्या नमुन्याशी ताडून पाहणारी रचना. एकाच केसमध्ये डिक्शनरी (नाव-किंमत जोड्यांचा संच), तिच्यात लिस्ट, वर इफची लांबलचक अट असं सगळं कोंबता येतं. जुळलं नाही की नेमकं कुठे बिनसलं ते मात्र कळत नाही.

१. केसमध्ये वरची पातळीच तपासा. आतला भाग एका नावात घ्या आणि वेगळ्या फंक्शनकडे सोपवा.
२. इफमध्ये एकच तुलना ठेवा. ती केसच्या आत हलवलीत तर पुढच्या केसकडे परतता येत नाही, हे धरून चाला.
३. शेवटी अंडरस्कोअरची केस ('case _:', काहीही जुळणारी) ठेवून एरर उठवा. ती नसेल तर न जुळलेला डेटा गुपचूप निसटतो.

सांभाळायचं ते स्थिरांकांना, म्हणजे ठरलेल्या किमतींना दिलेल्या नावांना. 'केस कमाल:' असं लिहिलं तर तुलना होतच नाही, आलेली किंमत 'कमाल'मध्ये भरली जाते आणि काहीही जुळतं! अशी केस मध्येच असेल तर निदान सिंटॅक्स एरर येते, शेवटी असेल तर तीही नाही. म्हणून टिंब देऊन 'सेटिंग.कमाल' लिहा. केसमधला रिकामा महिरपी कंसही ({}) तसाच फसवा: तो रिकाम्याच नव्हे, कुठल्याही डिक्शनरीला जुळतो.